शेरा

महिन्यातून एकदा, वीजमीटर वाचायला,
मी शिंपजुव्यावर जातो.
धक्क्यावर दाजी खवणेकर आधी पाण्याकडे बघतो,
मग माझ्या बॅगेकडे.
"सुकती लागायच्या आत आटप," म्हणतो,
आणि वल्हं मारत राहतो, गप्प,
माझ्या हातातलं घड्याळ इथं कुणी विचारत नाही.

एकोणतीस मीटर. सव्वा तास पुरतो.
वाट अशी नाहीच.
एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात,
माडाच्या आळ्याला वळसा,
वाळत टाकलेल्या जाळ्याखालून वाकून,
कुणाचं तरी कुत्रं सोबतीला घेऊन.

आकडे बोलतात, मी काही विचारत नाही.
सुलभा कुबल, अकरा. एक दिवा, तोही जपून.
इनास फर्नांडिस, एकशे चार.
धाकटा बोटीवरून सुट्टीला आलाय,
उंबऱ्यात त्याचे पांढरे बूट,
या चिखलाला अजून न भेटलेले.
शाळा, तीन.
मुलंही तीनच, पण ते लिहायला रकाना नाही.

गोडं पाणी खाडीच्या पोटातून नळाने येतं,
आलं तर.
नाहीतर होडीतून येतात निळे पिंप,
बायका ते उतरवताना एक थेंब सांडत नाहीत,
आणि तरी चहा मला एकोणतीस घरी विचारतात.
मी दोन घरी घेतो.
या महिन्यात पाळी कुणाची, हे त्यांना पाठ, मला नाही.

टोकाला, तिवरांच्या अलीकडे, तारींचं घर.
कुलूप गंजून दाराच्याच रंगाचं झालंय.
तारी सात वर्षं विरारला.
मीटर दर महिन्याला नऊ. पावसात दहा, बारा.
बिल मुदतीच्या आत भरलेलं.
मी लिहायचो: बंद घर. पुढे लिहायचो: नऊ.
ऑफिसात ते दोन रकाने
कुणी एका नजरेत वाचले नाहीत.

गेल्या कार्तिकात एका खांबाशी माझा वेळ गेला
आणि पाणी निघून गेलं.
होडी चिखलात कुशीवर पडलेली, म्हशीसारखी.
"आता खंय जातलंस?" सुलभाकाकू म्हणाल्या, "रव हंयच."
कालवांचं सुकं, तांदळाची भाकरी,
नखांत राहिलेला शिंपल्यांचा कस.
बाहेर अंधारात बोयरं उड्या मारत होती,
कुणीतरी पाण्यावर चापट मारावी तशी.

साडेसहाला त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.
मी मागोमाग.
कुलुपाला हात लावला नाही, ते नुसतंच होतं.
किल्ली मागच्या पडवीच्या दाराची.
एक बटण. खट्.
वळचणीखाली, बांबूच्या टोकाला,
काचेच्या बरणीत बसवलेला बल्ब लागला
आणि खाडीवर पिवळी रेघ पडली,
थेट खडपापर्यंत.

"ह्या उजेडाक उजव्या हाताक ठेवून इला,
तर होडी लागणा नाय."
बस, एवढंच.
घरटी चार रुपये. नसले तर नारळ.
इतक्यात फोन वाजला, विरारहून.
थोरला तारी रोज विचारतो,
"लावलंस?"
"लावलंय."
हालहवाल नाही, जेवणखाण नाही. फोन बंद.
म्हणजे सात वर्षं
हा माणूस रोज संध्याकाळी घरी येत होता,
अर्धा मिनिट.

रात्री अकराच्या सुमारास दोन होड्या आल्या.
कुणी वर बघितलं नाही,
वल्ह्यांचा आवाज तेवढा सावकाश झाला.

पहाटे भरती आली. दाजीही आला,
झोप झाली का, विचारलं नाही.
मध्यावर आल्यावर मी वही काढली.
नियमाने मला कळवायला हवं होतं:
भोगवटादार गैरहजर, वापर संशयास्पद.
पेन ओलं होतं, दोनदा उमटलं नाही.
तिसऱ्यांदा तारींच्या ओळीत लिहिलं, नऊ.
शेऱ्यात: वस्ती आहे.

ऑफिसात बॅग उघडली
तर तळाशी फडक्यात बांधलेली कालवं, शिंपांसकट.
कुणी घातली, ठाऊक नाही.
टेबलाचा वास चार दिवस गेला नाही.
साहेबांनी विचारलं, हे काय?
मी म्हणालो, रीडिंग.